पहिली सुरी तेलात बुडवूनही मऊच राहते? भट्टीआधी पोलादाकडे बघा

सुरी घडून झाली, आकार मनासारखा आला, पातं लालबुंद करून तेलात बुडवलं. गार झाल्यावर धारेवर कानस फिरवली. ती काचेवरून घसरावी तशी सरकन घसरायला हवी होती, पण ती लागली आणि किस निघाला. मग पुन्हा भट्टी, पुन्हा तेल. तेल बदलून बघितलं, तेलाऐवजी पाणी घेतलं, पाण्यात मीठ टाकलं. एवढं करून शेवटी पातं वाकडं झालं किंवा त्याला उभा तडा गेला.

घरच्या घरी भट्टी लावून पहिली सुरी करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि प्रश्न जवळजवळ नेहमी तेलाबद्दल असतो. कुठलं तेल, किती गरम, किती वेळ. माझा उलटा प्रश्न एकच असतो: तो तुकडा कुठला होता? उत्तर येतं, ‘भंगारातला, चांगला जड होता’, किंवा ‘बांधकामावरची सळई’. तिथेच निम्मं निदान होतं. पोलादात कार्बनच पुरेसा नसेल तर जगातलं कुठलंही तेल त्याला कडक करू शकत नाही.

सुरी खरंच मऊ आहे का, हे आधी ठरवा

भट्टीत पोलाद बराच वेळ लाल राहिलं की त्याच्या पृष्ठभागावरचा कार्बन हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळून जातो. वर एक पातळ, कार्बन नसलेली साल उरते आणि ती कधीच कडक होत नाही. आत मात्र पोलाद उत्तम कडक झालेलं असू शकतं. कानस पहिल्यांदा या सालीला लागते आणि माणूस घाबरून पुन्हा भट्टी पेटवतो. पुन्हा तापवल्यावर साल आणखी जाड होते, पोलादाचा दाणा (आतले बारीक स्फटिक) आणखी मोठा होतो आणि चांगली झालेली सुरी खरोखर बिघडते.

म्हणून तेलातून काढल्यावर काळी पपडी घासून टाका, धारेजवळचा छोटासा भाग दगडावर किंवा ग्राइंडरवर हलक्या हाताने थोडा खाली न्या (पातं गरम होऊ न देता, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत) आणि मग कानस लावा. आता घसरली तर काम झालेलं आहे. कानस नवी आणि धारदार हवी. बोथट कानस सगळ्यावरूनच घसरते आणि खोटा दिलासा देते.

साल काढूनही किस निघत असेल, तर मात्र पोलादाकडे वळायचं.

भंगारातल्या तुकड्यात काय असतं

पाणी देऊन, म्हणजे लाल पोलाद झटकन गार करून, ते किती कडक होईल, हे मुख्यतः कार्बनवर ठरतं. कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास पोचला की पोलाद जवळजवळ पूर्ण कडक होऊ शकतं. त्याच्या वरचा कार्बन धार जास्त काळ टिकवायला उपयोगी पडतो. ०.४ टक्क्याला मध्यम कडकपणा येतो. ०.२ टक्क्याच्या आसपास सुरीच्या दृष्टीने काहीच होत नाही.

फॅब्रिकेशनच्या दुकानातली एमएस (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं मऊ पोलाद) पट्टी, अँगल, ग्रिलचा चौरस गज, हे सगळं या शेवटच्या गटातलं. घडायला ते लोण्यासारखं मऊ असतं, त्यामुळे हात बसवायला उत्तम. सुरी म्हणून निरुपयोगी.

सळईबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त फसगत तिच्यामुळे होते. टीएमटी सळई कापताना कडक लागते, वाकवताना जोर लागतो, म्हणून लोकांना वाटतं की हे चांगलं पोलाद असणार. आयएस १७८६ या मानकात नेहमीच्या एफई ५०० सळईला कार्बनची कमाल मर्यादा ०.३० टक्के आहे, एफई ५००डी ला ०.२५. सळईला जो कडकपणा असतो तो कारखान्यात लाल सळईवर पाण्याचे फवारे मारून बाहेरच्या कड्यापुरता आणलेला असतो. तुम्ही ती भट्टीत लाल केलीत की तो निघून जातो, आणि नंतर हाती उरतं ते थोडं बरं एमएस.

कानस म्हणजे कार्बनचं भांडार, एक टक्का किंवा त्याहून जास्त. जुन्या, चांगल्या कानशीची सुरी अप्रतिम होते. पण नवशिक्याच्या हातून तिला हमखास तडा जातो, त्याची दोन कारणं. कानशीचे दात घासून पूर्ण सपाट न करता घडायला घेतलं, तर दातांच्या खाचा घडाईत मिटतात, त्यांच्या घड्या आत दबून राहतात आणि तेलात बुडवताना तिथूनच पोलाद फाटतं. दुसरं म्हणजे हा माल पाण्यात बुडवला की ‘टिंक’ असा बारीक आवाज येतो आणि सगळं संपतं. शिवाय काही स्वस्त कानशींना फक्त वरवर कार्बन दिलेला असतो, आतून त्या मऊच. दात घासून काढले की कार्बनही गेला.

बेरिंगच्या कड्या बहुधा ईएन ३१ या ग्रेडच्या पोलादाच्या असतात: सुमारे एक टक्का कार्बन, सव्वा ते दीड टक्का क्रोमियम. पोलाद म्हणून श्रेष्ठ, पण हातोड्याखाली फार चिवट. थोडं थंड असताना ठोकलं तर चिरतं, आणि नीट कडक करायला ठरावीक तापमानावर काही मिनिटं स्थिर धरावं लागतं. कोळशाच्या भट्टीत नवशिक्याला ते जमत नाही. पॉवर हॅक्सॉचं पातं हायस्पीड स्टीलचं असलं तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका, भट्टीत ते भुगा होऊन सुटतं. स्टेनलेसही पहिल्या सुरीला नको.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा किंवा स्लीपरवरची क्लिप कुणीतरी आणून देतं. पोलाद खरंच चांगलं असतं. क्लिप सिलिको-मँगनीज स्प्रिंग स्टीलची, रूळ साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बनचा. पण रेल्वेचा चोरीचा माल जवळ बाळगणं हा रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) अधिनियम, १९६६ खाली गुन्हा आहे, आणि तो माल वैध मार्गाने आल्याचं तुम्हालाच दाखवावं लागू शकतं. लिलावाची पावती नसेल तर हात लावू नका.

आणि जस्ताचा मुलामा असलेला कुठलाही तुकडा भट्टीत घालू नका. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि त्याच्या धुराने ताप भरतो. क्रोमचा मुलामा तर त्याहून वाईट.

कमानपाटा: सगळे वापरतात, म्हणून सगळ्यात जास्त प्रश्न

गावोगावचे लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून (लीफ स्प्रिंगच्या पट्टीतून) कोयते, विळे, खुरपी करत आले आहेत, आणि उसाचा कोयता हंगामभर त्यावर निभतो. म्हणून नवशिक्यालाही तोच सल्ला मिळतो, आणि सल्ला वाईट नाही. तो अर्धा असतो, इतकंच.

पाट्यांमध्ये एकच पोलाद नसतं. जुन्या पाट्यांत सिलिको-मँगनीज जातीचं, म्हणजे ईएन ४५ किंवा ५५एसआय७, ६५एसआय७ यांसारखं. इतर काहींत क्रोमियमचं एसयूपी ९. काहींत क्रोम-व्हॅनेडियमचं ५०सीआरव्ही४. कार्बन यातल्या बहुतेकांत ०.५ ते ०.६५ टक्क्यांच्या दरम्यान. कोयत्याला तो नेमका जुळतो: धार जाड ठेवायची, घाव सोसायचा, बोथट झाली की दगडावर घासायची. भाजी चिरायच्या पातळ पात्याला तो जरा कमी पडतो, पण पहिल्या सुरीला चालण्यासारखा आहे.

मग कमानपाट्याची सुरी मऊ का राहते? माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कारण लोहचुंबक आहे. सगळीकडे शिकवलं जातं की पातं चुंबकाला चिकटेनासं झालं की तेलात घाला. लोखंड साधारण ७७० अंशाला चुंबकाला सोडतं. साध्या कार्बन पोलादाला तिथून थोडंसंच वर जायचं असतं, त्यामुळे हा नियम ढोबळमानाने चालून जातो. सिलिकॉन मात्र पोलादाचा बदल होण्याचं तापमान वर ढकलतो. दीड-दोन टक्के सिलिकॉन असलेल्या पाट्याला ८५० ते ९०० अंशांपर्यंत न्यावं लागतं. चुंबकाने सोडल्याबरोबर तेलात घातलेला ईएन ४५ चा तुकडा अर्धवट कडक होतो: काही ठिकाणी कानस घसरते, काही ठिकाणी लागते. मग दोष तेलाला दिला जातो. अशा वेळी तेच तेल ठेवा, पातं एक छटा जास्त उजळ करा आणि पुन्हा बघा.

तापमान ओळखायला घरात एक गोष्ट असते, मीठ. ते ८०१ अंशाला वितळतं. गरम पात्यावर चिमूटभर टाकलं आणि ते पाण्यासारखं पसरलं की तुम्ही ८०१ ओलांडलंत. साध्या कार्बन पोलादाला तिथून जेमतेम पुढे, पाट्याला आणखी बरंच पुढे. दुसरी खूण डोळ्याची आहे, आणि ती पोलाद कुठलंही असलं तरी खरं बोलते. अंधाऱ्या जागी, सावकाश तापवताना, पात्यात एक गडद सावली सरकताना दिसते. पोलाद आतून बदलत असतं तेव्हा ते उष्णता शोषून घेतं, म्हणून तो भाग शेजारच्यापेक्षा काळसर दिसतो. सावली पूर्ण निघून गेली, रंग एकसारखा झाला, त्यानंतर थोडं वर नेऊन तेल. उन्हात भट्टी लावलीत तर यातलं काहीही दिसणार नाही. संध्याकाळनंतर किंवा शेडच्या सावलीतच हे काम करा.

पाट्याचा दुसरा त्रास म्हणजे आधीच असलेले तडे. तो रस्त्यावर वर्षानुवर्षं वाकून आलेला असतो. मधल्या बोल्टच्या भोकापाशी, टोकाच्या वळलेल्या डोळ्यापाशी आणि जिथे तो तुटला त्याच्या आसपास केसासारख्या चिरा असू शकतात. तो भाग घेऊच नका. उरलेला तुकडा घासून चकचकीत करा, डिझेल किंवा रॉकेल लावून थोडा वेळ ठेवा, कोरडा पुसून काढा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर तिच्यातलं तेल बाहेर झिरपून खडूवर रेघ उमटते. रेघ दिसली तर तो तुकडा बाजूला.

जाडीही बघा. ट्रकचा पाटा दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तो हाताने पातळ करताना नवशिक्या दमतो, दमला की थंड पोलादावर ठोकतो. जीप किंवा पिकअपचा पातळ पाटा घ्या. त्याहून चांगलं म्हणजे हायवेलगत पाटे बदलून देणारी वर्कशॉप असतात, तिथे नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा मिळतो का विचारा. न वापरलेला, त्यामुळे चिरांची भीती नाही.

घडण्याआधी एक तुकडा मोडून बघा

अनोळखी पोलादाची परीक्षा अर्ध्या तासात होते, आणि ती न करता चार-पाच संध्याकाळी हातोडा चालवणं मला पटत नाही. पट्टीच्या टोकाचा बोटभर तुकडा कापा. भट्टीत लाल करून चार-पाच मिलिमीटर जाडीला आणा. वर सांगितल्याप्रमाणे सावली निघून जाईपर्यंत तापवा आणि कोमट तेलात बुडवा. गार झाल्यावर साल काढून कानस लावा. घसरली तर तुकडा बाकपकडीत अर्धा धरा, वर जाड फडकं टाका, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि हातोडा मारा.

कटकन मोडला आणि मोडलेली बाजू राखाडी, मखमली, दाणा डोळ्याला न दिसणारा अशी असेल, तर पोलाद योग्य आणि तापमानही योग्य. मोडला पण आत साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले, तर पोलाद बरोबर पण तुम्ही फार तापवलंत. न मोडता वाकला, तर कार्बन कमी किंवा तापमान कमी. एकदा जास्त तापवून पुन्हा बघा. तरीही वाकला तर ती पट्टी खुरप्याला, फावड्याच्या दुरुस्तीला, कशालाही द्या, सुरीला नको. तेलात कानस लागते पण तोच तुकडा पुन्हा तापवून पाण्यात टाकल्यावर घसरते, असं झालं तर ते पोलाद जलद गारवा मागणारं आहे. त्याची सुरी होऊ शकते, पण तडा जाण्याची जोखीम घेऊन. पहिल्या खेपेला ती घेऊ नका.

ठिणग्यांवरूनही अंदाज येतो. ग्राइंडरवर एमएसच्या ठिणग्या लांब आणि सरळ, फुलं तुरळक. कार्बन वाढेल तशी फुलं दाट आणि चाकाच्या जवळ फुटतात. शेजारी एक ओळखीची कानस धरून तुलना केली तर जास्त कळतं. पण मी फक्त ठिणग्यांवर भरवसा ठेवत नाही. मोडलेला तुकडा जे सांगतो ते ठिणगी सांगत नाही.

विकत घ्यायचं तर काय मागायचं

पहिल्या सुरीला मी नेहमी नवं, नावानिशी पोलाद घ्यायला सांगतो. कारण साधं आहे: काही चुकलं तर कारण शोधताना एक शक्यता आधीच कमी झालेली असते.

मिळालं तर सी७५ जातीचं साधं कार्बन पोलाद घ्या, कार्बन ०.७० ते ०.८०. परदेशात नवशिक्यांना १०७५ आणि १०८४ सांगतात, त्याच घराण्यातलं. छोट्या भट्टीला हे सर्वांत सोयीचं, कारण त्याचं तापमान ८०० च्या थोडं वर असतं आणि तिथे फार वेळ थांबावं लागत नाही. एक अट मात्र आहे: त्याला झपाट्याने गार करावं लागतं. तेलाचा डबा भट्टीला चिकटून हवा, चार पावलांवर नको.

सी७५ नसेल तर ईएन ९. कार्बन ०.५० ते ०.६०, एमआयडीसीच्या आसपासच्या जवळपास प्रत्येक स्टील विक्रेत्याकडे मिळतं, शाफ्टसाठी जातं म्हणून बहुधा गोल बारमध्ये. सोळा मिलिमीटरचा गोल बार चपटा करणं हा हाताला चांगला धडा आहे. धार फार काळ टिकणार नाही, पण चुका पोटात घालतं. नवी ईएन ४५ ची पट्टीही चालेल, वरचं तापमान लक्षात ठेवून. ईएन ८ देऊ केलं तर नको म्हणा. नाव शेजारचं असलं तरी कार्बन ०.४ च्या आसपासच.

टूल स्टीलवाला तुम्हाला ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) दाखवेल, आणि ‘सुरीला हेच’ म्हणेल. पोलाद खरंच उत्तम आहे. पण त्याला ८०० च्या आसपास पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवावं लागतं, आणि त्यासाठी तापमान धरून ठेवणारी इलेक्ट्रिक भट्टी हवी. त्याच दुकानातलं एचसीएचसीआर (भरपूर कार्बन, भरपूर क्रोमियमचं) तर कोळशाच्या भट्टीचं कामच नव्हे.

दुकानात जाताना माप ठरवून जा. सहा मिलिमीटर जाड, तीस मिलिमीटर रुंद, फूटभर लांब पट्टीचं वजन जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम भरतं, आणि घाऊक विक्रेता एवढ्यासाठी आरी चालवायला कुरकुरतो. ‘कटपीस आहे का’ विचारा. कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, पण ते कुठल्या बारचे हे त्याला नक्की माहीत असेल तरच घ्या. अख्ख्या बारच्या टोकाला रंग लावलेला असतो किंवा ग्रेड ठोकलेली असते. टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स मागायला लाजू नका, त्यात कार्बनचा आकडा छापलेला असतो. घरी आल्यावर पट्टीवर ग्रेड पंचाने ठोका आणि नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापा. खडूने लिहिलेलं चार दिवसांत पुसलं जातं आणि मग ती पट्टीही भंगारच.

ओळखीचं पोलाद हाती आल्यावर

घडाई झाली की पातं तीनदा लाल करून, प्रत्येक वेळी आधीपेक्षा किंचित कमी, हवेत आपोआप काळं होऊ द्या. हातोड्याने आणि जास्त तापाने वाढलेला दाणा यात बारीक होतो आणि पातं वाकण्याची शक्यता घटते. धार या टप्प्यावर पातळ करू नका, नाण्याच्या कडेएवढी जाडी ठेवा. पातळ धारच लाट खाते आणि चिरते.

तेल शेंगदाण्याचं घ्या, पन्नास-साठ अंशांपर्यंत गरम केलेलं, कारण गरम तेल पातळ होतं आणि पात्यावरची वाफ लवकर मोडते. डबा लोखंडी, पातं पूर्ण बुडेल इतका खोल, झाकण हाताशी. गॅरेजचं जळकं इंजिन ऑइल वापरू नका. त्याच्या धुरात काय काय असतं ते फुप्फुसात घेण्यासारखं नाही. टोक आधी घालून सरळ खाली न्या, पुढे-मागे हलवा, आडवं हलवू नका.

कानस घसरली की त्याच दिवशी, पातं हाताला कोमट लागत असतानाच ओव्हनमध्ये ठेवा: २०० अंश, दोन तास, मग गार करून पुन्हा दोन तास. रात्रभर तसंच सोडलेलं पातं सकाळी आपोआप तडकलेलं सापडू शकतं. छोट्या ओव्हनचं बटण वीस-तीस अंश खोटं बोलतं, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर फिकट गवती पिवळा रंग आला पाहिजे. निळा आला तर धार मऊ पडली. मग पुन्हा कडक करण्यापासून सुरुवात.

हातात आधीच एक मऊ सुरी असेल, तर ती पुन्हा भट्टीत घालण्यापूर्वी तिच्या शेपटीकडचा छोटा तुकडा कापा आणि तोच मोडून बघा. तुकडा कडक झाला तर पातं वाचेल, फक्त तापमान चुकलं होतं. तो वाकला तर तिची मूठ काढून ठेवा, पुढच्या पात्याला बसवता येईल.